उद्या सकाळी सात वाजता

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता समोर आहे. कॉलेजातल्या अभिरूप अधिवेशनात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला जोडीदार, म्हणजे उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, कोण द्यायचा, यासाठी तू अकरा रकाने केलेस. राज्य, वय, देणग्या, टीव्हीवर कसा दिसतो... मेहनत दिसते. पण जो रकाना आधी हवा तोच नाही: हा माणूस उद्या सकाळी सात वाजता राष्ट्राध्यक्ष म्हणून चालेल का?

"काका, आधी जिंकायला तर हवं," असं तू म्हणशील. माहीत आहे गं. १९६० साली केनेडींनी जॉन्सनना घेतलं ते टेक्सास राज्याची २४ निर्वाचक मतं डोळ्यांपुढे ठेवूनच. टेक्सास आलंही, मतदारांच्या जेमतेम ४६ हजार मतांच्या फरकानं. झालं तुझं समाधान? आता त्याच टेक्सासमधला २२ नोव्हेंबर १९६३ आठव, केनेडींची हत्या झाली तो दिवस. डॅलसच्या विमानतळावर, उभ्या विमानात, जॉन्सननी शपथ घेतली. सिनेट कोळून प्यालेला माणूस होता, म्हणून नागरी हक्कांचा कायदा पुढच्या वर्षी पार पडला. नुसता टेक्सासचा म्हणून आणलेला दुसरा कुणी असता तर?

आणि हे क्वचित घडतं म्हणू नकोस. राष्ट्राध्यक्ष झालेल्या ४५ माणसांपैकी ९ जण उपराष्ट्राध्यक्ष असताना मधेच खुर्चीवर आले. आठ मृत्यूमुळे, एक निक्सनच्या राजीनाम्यामुळे. पाचात एक! सकाळी सात वाजता, मुली.

ट्रुमनचं बघ. १९४४ साली पक्षातल्या मुरब्बी मंडळींना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची तब्येत दिसत होती, म्हणून शिकागोच्या अधिवेशनात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष वॉलेसना बाजूला सारून यांना आणलं. निवड शहाणपणाची. पण पुढे? १२ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी ट्रुमन सभापती रेबर्नच्या खोलीत घोटभर घ्यायला गेले, तोच व्हाइट हाउसचं बोलावणं आलं: रूझवेल्ट गेले होते. उपराष्ट्राध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते, आणि अणुबाँबची सगळी हकीकत त्यांना कळली ती राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १३ दिवसांनी. उपराष्ट्राध्यक्षाला वेस्ट विंगमध्ये, म्हणजे व्हाइट हाउसच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय असलेल्या भागात, खोली मिळायला १९७७ उजाडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष कार्टरनी ती आपले उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेलना दिली.

मी हे का घोकतो ते तुझ्या आईला विचार. आमच्या मंडळाचा अध्यक्ष झालो तेव्हा उपाध्यक्ष मीच निवडला, पलीकडच्या गावातली चाळीस मतं त्याच्या खिशात होती म्हणून. ऑगस्टात माझी बायपास झाली. गणपती तीन आठवड्यांवर. शाळेच्या हॉलचे पैसे भरायचे राहिलेले, किल्ल्या कुणाकडे ते त्याला ठाऊक नाही, मोदकांची ऑर्डर माझ्या वहीत आणि वही माझ्या गाडीत. शेवटी बाप्पा एकाच्या गॅरेजात बसले आणि दोनशे माणसं पावसात ड्राइव्हवेवर उभी राहिली. सगळे त्यालाच नावं ठेवत होते, मीही ठेवली. किल्ल्यांचं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, हे मात्र कुणापाशी बोललो नाही. तरी सांगतो, ती चाळीस मतं नसती तर मी पडलो असतो, आणि समोरच्या पॅनेलनं मंडळाचं काय केलं असतं... असो.

तुझ्या उरलेल्या दोन नावांपैकी तो हसरा गव्हर्नर मला आवडत नाही, पण ते सोड. दोघांनाही सात वाजता बसवून बघ. आणि तुझा उमेदवार त्याला किल्ल्या देईल का, तेही विचार.

रविवारपर्यंत तक्ता परत पाठव. रंग भरू नकोस, माझ्या प्रिंटरची शाई संपत आलीय.

तुझा,
काका