लोटे-परशुरामच्या कारखान्यात नव्याने लागताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत मोठ्या केमिकल कंपनीत लागलास, तर आधी नेमणूकपत्र नीट वाच. नोकरी कंपनीची की ठेकेदाराची? गेट एकच असलं तरी बढती, बोनस यांत फरक तिथूनच पडतो. ठेकेदाराकडे असलास तर यूएएन क्रमांक (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मागून घे आणि दर महिन्याला पीएफचं पासबुक बघ. पगारातून 12 टक्के कापले म्हणजे ते भरले, असं नसतं.

पाळी बदलताना पंधरा मिनिटं आधी पोच. कुठला व्हॉल्व्ह बंद, कुठला पंप दुरुस्तीला, हे तोंडी ऐकून भागत नाही. लॉगबुकात लिहून, आधीच्याची सही घेऊनच काम हाती घे, कारण गडबड झाली की बोट नवख्याकडेच वळतं. वर्क परमिटवर (धोक्याच्या कामाआधीच्या लेखी परवानगीवर) न वाचता सही नको, साहेब कितीही घाईत असोत. टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजलेला हवा (19.5 टक्क्यांच्या खाली नकोच) आणि तोंडाशी एक माणूस उभा हवा.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट. ‘सुट्टीत अ‍ॅडजस्ट करू’ म्हणाले तर तारीख आणि तास स्वतःच्या वहीत टिप.

आणि गणपतीची रजा! अख्ख्या खात्याला तीच हवी असते. जूनमध्येच लेखी अर्ज टाक. बदल्यात शिमग्याला पाळी करायची तयारी ठेव.