न्यूरोसायन्स करायचंय, पण डिग्रीचं नाव चुकलं तर?

इरा आणि तिच्या बाबांना विचारूनच लिहितेय, नाव अर्थात बदललंय आणि दोनचार तपशीलही. न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि नसांचं विज्ञान, शिकायचंय पण डिग्रीचं नाव चुकलं तर सगळं संपेल, ही भीती घेऊन माझ्याकडे काउन्सेलिंगला इतकी मुलं येतात की एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

इरा आली ती लॅपटॉप उघडूनच. बसायच्या आधी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक्सेल शीट, 19 युनिव्हर्सिट्या, प्रत्येकीचं रँकिंग, फी, कालावधी आणि डिग्रीचं नाव. जिथे थेट न्यूरोसायन्स आहे ती ओळ हिरवी, कॉग्निटिव्ह सायन्स (विचार, भाषा, स्मरण यांचा अभ्यास) पिवळी, आणि बायोलॉजी, सायकॉलॉजी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग सगळं लाल. म्हणाली, "मॅडम, तीन महिने हेच करतेय. हिरव्यात नाही मिळालं तर संपलंच ना? लाल डिग्री घेतली की मग पुढे न्यूरोसायन्सला कोण घेणार मला?"

बाबा शेजारी गप्प बसले होते. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मला एकच सांगा, ही ब्रेनची डॉक्टरच होणार ना?" इराने कपाळावर हात मारून घेतला.

आधी बाबांना उत्तर दिलं, कारण हा गोंधळ बऱ्याच घरात असतो आणि कोणी मोठ्याने विचारत नाही. पेशंट तपासणारा न्यूरोलॉजिस्ट किंवा ऑपरेशन करणारा न्यूरोसर्जन व्हायचं तर मेडिकलची डिग्री लागतेच, काही देशांत शाळेनंतर थेट मेडिकलला जातात, काही देशांत आधी बॅचलर्स करून, पण मेडिकलशिवाय नाही. न्यूरोसायन्सची बॅचलर्स ही विज्ञानाची डिग्री आहे. तिच्यानंतर लगेच नोकरी करायची तर लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट, क्लिनिकल ट्रायलचं को-ऑर्डिनेशन, डेटाची कामं, असं मिळतं. स्वतःचं संशोधन करायचं तर पुढे पीएचडी, म्हणजे देशाप्रमाणे आणखी तीन ते सहा वर्षं. बाबांचा चेहरा पडला, पण हे आत्ता कळलेलं बरं, दुसऱ्या वर्षाला कळून घरात भांडणं झालेली मी पाहिलीयेत.

मग इराकडे वळले. म्हटलं, शीट मिट. तुला मेंदूतलं नक्की काय बघायचंय?

"ब्रेन कसा चालतो ते."

हे उत्तर मला पाठ झालंय आता! म्हटलं, ते सगळ्यांनाच बघायचंय, तुला काय खटकतं ते सांग. बराच वेळ गप्प. मग सांगायला लागली की आजीला स्ट्रोक आला, बोलणं गेलं, समोरच्याचं सगळं कळतं तिला पण शब्द बाहेर येत नाहीत, चहा म्हणायला पाच मिनिटं. आणि एके दिवशी आई गुणगुणत होती तर आजीने पुढची अख्खी ओळ गाऊन दाखवली, शब्दांसकट. "मॅडम, जे शब्द बोलता येत नाहीत ते गाता कसे येतात?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटत होतं मुलीने हे यूट्यूब बघून डोक्यात घेतलंय.

या प्रश्नावर आम्ही अख्खं सेशन घालवलं, आणि माझ्या मते हेच खरं प्लॅनिंग होतं. तिला सांगितलं की 1861मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरसमोर असाच एक पेशंट होता, तो 'टॅन' एवढंच म्हणायचा, आणि तो गेल्यावर ब्रोकाला त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली. गाण्याचा आधार घेऊन बोलणं परत आणायची थेरपी 1970च्या दशकापासून आहे. पण ते नक्की जमतं कशामुळे, मेंदूची उजवी बाजू मदतीला येते म्हणून, की तालामुळे, की पाठ असलेल्या ओळी वेगळ्या साठवलेल्या असतात म्हणून, यावर संशोधकांत अजून वाद आहे. म्हणजे तुझा प्रश्न अजून जिवंत आहे, म्हटलं. कधी नव्हे ती हसली.

मग कागद घेतला. हा एकच प्रश्न किती बाजूंनी धरता येतो बघ. स्ट्रोकमध्ये पेशी का मरतात आणि उरलेल्या नवे जोड कसे बनवतात, हे धरलंस तर तुला केमिस्ट्री, सेल बायोलॉजी, आणि बहुतेक उंदरांवर काम. (उंदीर म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला, ही गोष्ट तिने कुठल्याच कॉलममध्ये घातली नव्हती. फळमाशी, झेब्राफिश, किंवा फक्त 302 न्यूरॉन (निरोप वाहणाऱ्या मज्जापेशी) असलेला सी एलेगन्स नावाचा किडा, ज्याच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा 1986मध्येच छापून आला, यांच्यावरही लॅब चालतात, पण हे आधी स्वतःला विचारून ठेवावं.) गाताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो हे एमआरआयमध्ये बघायचं तर स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रॅमिंग, भरपूर. भाषा म्हणून बघायचं तर लिंग्विस्टिक्स आणि सायकॉलॉजी. आजीसारख्यांना बोलतं करायचं तर स्पीच थेरपी, तो वेगळाच कोर्स आहे आणि त्याचं वेगळं लायसन्स. आता सांग, यातलं किती तुझ्या लाल रंगात गेलं होतं?

जवळजवळ सगळंच.

न्यूरोसायन्स हे वेगळं नाव रुळलं तेच मुळात उशिरा, सोसायटी फॉर न्यूरोसायन्स ही संस्थाच 1969ची. नोबेल मिळालेल्यांचं बघ ना, डेव्हिड ह्यूबेल कॉलेजात मॅथ्स आणि फिजिक्स शिकला होता, एरिक कँडलची पहिली डिग्री तर इतिहास आणि साहित्याची, आणि जॉन ओकीफ एरोनॉटिकल इंजिनिअरिंग करता करता सायकॉलॉजीकडे वळला. इराने लगेच पकडलं, "ते जुन्या काळात मॅडम." बरोबर आहे, आज सरळ साहित्यातून आत शिरणं अवघड आहे, मेडिकलमधून वळसा घालून कँडललाही जावंच लागलं. पण बायोलॉजी, फिजिक्स, सायकॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्समधून आजही मुलं न्यूरोसायन्सच्या पीएचडीला जातात, ते नेहमीचंच आहे. सिलेक्शन करणारे बघतात ते तुम्ही कुठले विषय झेपवलेत आणि लॅबमध्ये खरंच हात घातलाय का.

आणि मग ते बाहेर आलं. मी सहज विचारलं मॅथ्स कसं आहे, तर खाली बघत म्हणाली, "न्यूरोसायन्समध्ये मॅथ्स सुटतं ना? बायोलॉजीच असते ना जास्त?"

इथे मला माझीच चूक आठवली. काही वर्षांपूर्वी असंच एका मुलाला मी म्हणाले होते की एवढं काही मॅथ्स लागत नाही रे, चालून जाईल. डिग्री बऱ्यापैकी गेली त्याची, पण आवडलेल्या प्रत्येक लॅबमध्ये पहिला प्रश्न 'कोडिंग येतं का' आणि दुसरा 'स्टॅट्स किती झालंय', आणि त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. त्याने कधी बोलून नाही दाखवलं, पण मला ते लागून राहिलंय. त्यामुळे इराला मऊ उत्तर दिलं नाही. न्यूरॉन म्हणजे शेवटी वीज आहे. शांत बसलेल्या न्यूरॉनच्या आत-बाहेर साधारण उणे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो आणि तो का असतो हे समजायला फिजिक्स, केमिस्ट्री, लॉगॅरिदम तिन्ही लागतात. हॉजकिन आणि हक्सलीने 1952मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड ॲक्सॉनवरून, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तारेवरून, सिग्नल कसा धावतो ते समीकरणांत मांडलं, आणि ती आकडेमोड हक्सलीने हाताने हँडल फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर केली. तुला ती समीकरणं शोधायची नाहीयेत गं, पण वाचता आली पाहिजेत. कॅल्क्युलस, थोडं लिनिअर अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. पहिल्या दोन वर्षांत. शेवटच्या वर्षावर ढकललंस की संपलं.

रडली थोडी. बाबांनी पाणी दिलं.

मग शीट परत उघडली, रँकिंगचा आणि डिग्रीच्या नावाचा कॉलम लपवला (डिलीट करू देईना) आणि नवीन कॉलम केले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला नक्की कुठले विषय आहेत, स्टॅट्स सक्तीचं आहे का, प्रत्यक्ष लॅबचे तास किती, शेवटच्या वर्षी स्वतःचा रिसर्च प्रोजेक्ट आहे का, आणि मध्येच विषय बदलायचा झाला तर बदलता येतो का, कारण सतराव्या वर्षीचं मन एकोणिसाव्या वर्षी तेच असेल याची खात्री मी तरी देत नाही. आठवडाभराने आली तेव्हा तिचं तिलाच दिसलं होतं, हिरव्यातल्या एका डिग्रीत तीन वर्षांत स्टॅटिस्टिक्सचा एकच पेपर आणि लॅब जवळजवळ नाहीच, आणि लालमधल्या एका बायोलॉजीत न्यूरोचे पाच कोर्स आणि वर्षभराचा प्रोजेक्ट. सगळ्या हिरव्या वाईट होत्या असं मात्र नाही, दोन खरंच उत्तम होत्या आणि त्या शीटमध्ये वर राहिल्या.

बाबांचा नोकरीचा प्रश्न मी पूर्ण सोडवू शकले नाही, तेही सांगून टाकलं. एवढंच म्हटलं की स्टॅट्स आणि कोडिंग जमलं तर न्यूरोसायन्स सुटलं तरी पोरगी रिकामी बसणार नाही. त्यांना ते पुरलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या वेळी आले ते डॉक्टरचा विषय न काढता.

इराने शेवटी बायोलॉजी घेतली, न्यूरोसायन्स मायनर, म्हणजे जोडविषय. पहिल्या वर्षी एका लॅबला मेल टाकला, उत्तर आलं नाही, दुसऱ्याला टाकला, तिसऱ्याने बोलावलं. काम काय, तर बोलणं गेलेल्या पेशंट्सची रेकॉर्डिंग ऐकायची आणि प्रत्येक शब्द कुठल्या सेकंदाला सुरू होतो ते टाइप करायचं, तासन्‌तास. परवा मेसेज आला, "मॅडम, आज 41 फाइल्स झाल्या, कान गेले, आणि स्टॅट्समधली पी व्हॅल्यू अजून कळलेली नाही, रविवारी फोन करू का?"