दुसऱ्या वर्षी विचारायची लाज वाटते

पत्र: ताई, मी बीड जिल्ह्यात वस्तीवरच्या झेडपी शाळेत शिक्षण सेवक आहे. शाळेत दोघंच, मोठे गुरुजी आणि मी. तिसरी-चौथी माझ्याकडे. पहिलं वर्ष छान गेलं असं वाटत होतं, पण जूनमध्ये चौथीत गेलेल्या त्याच पोरांना हातच्याची वजाबाकी दिली तर निम्म्यांना येईना. मग मी वर्षभर केलं काय? परवा चिडून एकाचा कान पिळला आणि रूमवर येऊन रडत बसले. गुरुजींना विचारावं तर आता दुसरं वर्ष लागलंय, काय म्हणतील. आई म्हणते सोळा हजारांत कशाला राबतेस, एमपीएससी कर. खरंच, मला हे जमणारंय का?

अगं, आधी ते कानाचं बोलून घेऊ. ते परत नाही करायचं, बस. २००९ च्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, कलम १७ आहे, मारणं तर सोडच, पोराला घालूनपाडून बोललेलंही चालत नाही, पण कायदा बाजूला ठेव, तू रडलीस म्हणजे तुला कळलंय. फक्त रूमवर रडून त्या पोराला काही समजत नाही, त्याला बोलावून सांग की बाईंचं चुकलं. पोरं दोन मिनिटांत विसरतात असं आपण म्हणतो, ते आपल्या सोयीचं असतं.

आता वजाबाकी. तू लिहिलंस निम्म्यांना येत नाही, पण ही निम्मी कोण हे नाही लिहिलंस. गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक काढ आणि शेजारी या पोरांची नावं मांडून बघ. बीडच्या वस्तीवरची शाळा आहे म्हणून सांगते, दसरा-दिवाळीला कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, आई-बापाबरोबर पोरं जातात ती कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर पार कर्नाटकात, आणि परत येतात मार्च-एप्रिलला. तू हातचा शिकवलास तेव्हा यातली किती पोरं वर्गात होती आणि किती उसाच्या फडात धाकटं भावंड सांभाळत होती? जे शिकवलं तेव्हा पोरगं तिथं नव्हतंच, ते तो विसरला असं कसं म्हणायचं. आजी-आजोबांकडं राहून हंगामी वसतिगृहात जेवणारी असतील ती वेगळी काढ, ती तर तुझ्यासमोरच होती.

आणि जी समोर होती, तरी ज्यांना येत नाही, तिथं मात्र तुझा भाग आहे, ते मी गोड बोलून झाकणार नाही. त्यांच्या वह्या घे. फुली मारायला नको, वाचायला घे. ५२ वजा २७, उत्तर ३५ आलंय का? मग त्या पोरानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढलेत, त्याच्या हिशेबानं तो शहाणाच आहे, मोठ्यातून लहान काढायचं असं आपणच त्याला पहिलीत शिकवलेलं असतं. याला काड्यांचे गठ्ठे दे, पाच दशक दोन सुटे, आणि एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडू दे. फळ्यावर हातचा लिहून दाखवलेला वेगळा आणि रबरबँड काढून दहा काड्या सांडलेल्या वेगळ्या.

दुसरा कोणी बावन्न म्हटल्यावर २५ लिहीत असेल. त्याला वजाबाकीचा प्रॉब्लेमच नाही, त्याला बावन्न ऐकताना आधी दोन ऐकू येतो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं वाचन आणलं तेव्हा टीव्हीवर केवढी थट्टा झाली, मीही हसले होते, खोटं कशाला बोलू. पण वर्गात बसून बघितलं की कळतं ते का आणलं होतं. याच्याशी थोडे दिवस पन्नास दोन म्हण, कोणाचं काही बिघडत नाही.

माझं सांगते. दुसऱ्याच वर्षी मी अपूर्णांक शिकवले, समजलं का विचारलं, अख्खा वर्ग होऽऽऽ बाई. मी खूश. मग साहेब आले तपासणीला, मागच्या बाकावरच्या एका पोरीला उठवलं आणि अर्धा मोठा की पाव मोठा विचारलं, ती म्हणाली पाव, कारण चार मोठे ना दोनापेक्षा. त्या होऽऽऽ मध्ये तिचाही आवाज होता गं. तेव्हापासून मी समजलं का हा प्रश्नच टाकला, पोराला म्हणायचे तू मला करून दाखव. तुला वाटतंय तू गेल्या वर्षीपेक्षा वाईट शिकवतेस. गेल्या वर्षी तुला पाठ कसा संपवायचा एवढीच धास्ती होती, पोराचं कुठं अडलं ते दिसायला सवडच नव्हती, आता दिसायला लागलंय म्हणून त्रास होतोय.

एमपीएससीचं म्हणशील तर आईला पगाराची काळजी असणारच. २०२३ पासून सोळा झाले, त्याआधी सहा हजारांत लोकांनी काढलंय, पण म्हणून सोळा पुरतात असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं झाली की वेतनश्रेणी लागते, ती बघून ठरव. परीक्षा द्यायची तर दे, पण वजाबाकीवर चिडून नको देऊस.

राहिले गुरुजी. पहिल्या वर्षी काहीही विचारता येतं, नवीन आहे म्हणून लोक सांगतात, आणि दुसरं लागलं की आपणच आपलं तोंड शिवून घेतो. ते काय म्हणतील म्हणतेस, मला तर वाटतं त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नसेल. त्यांनी या वस्तीवरच्या पोरांचे आई-बापही शिकवले असतील, कुठल्या घरचा कोयता कधी निघतो हे त्यांना ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाइतकंच पाठ असणार. उद्या खिचडी वाटून झाली की तीन-चार वह्या घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बस आणि एवढंच विचार, गुरुजी, हा असं का करत असेल? आणि कोण कोण दसऱ्यानंतर जाणारंय ती नावं लिहून घे, त्यांचा हातचा आधी घ्यायचाय, पुस्तकातला क्रम मागंपुढं झाला तरी चालेल. त्या ३५ वाल्याचं काय झालं ते मला कळव.