पवई तलावातली जलपर्णी दरवर्षी काढतात, तरी तलाव सुधारत का नाही? सांडपाणी पूर्ण बंद केलं तर किती वर्षं लागतील?

जलपर्णी काढली की तलाव मोकळा दिसतो, पण तिला पोसणारा फॉस्फरस आणि नायट्रोजन नाल्यांतून येतच राहतो. हवामान मानवलं की ही वनस्पती साधारण पंधरवड्यात दुप्पट होते. शिवाय काढलेला ढीग काठावरच कुजत पडला तर पहिल्या पावसात त्यातलं सत्त्व पुन्हा पाण्यात उतरतं. ढीग त्याच दिवशी उचलायला हवा, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

मी पवईतच राहतो. काही वर्षांपासून महिन्यातून एकदा, गळ टाकायचा नाद असलेल्या मित्राच्या होडीतून पाणी किती नितळ आहे ते मोजायला ठरलेल्या जागी जातो (मगरींमुळे काठावरून पाण्यात उतरायची सोय नाही). स्टीलच्या ताटलीचे चार भाग करून एकाआड एक काळा-पांढरा रंग दिलाय, खाली वजन, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ. ताटली दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, बस. उन्हाळ्यात ती हिरव्या पाण्यात कोपरभर खोलीवरच नाहीशी होते तेव्हा खरंच पोटात कालवतं. अशीच, पण पांढरी ताटली १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्रासाठी वापरली होती, आजही जगभर हीच पद्धत चालते.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर वेळ मात्र पाळावी लागते. दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे दुपारचा ऑक्सिजनचा आकडा छान येतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. पहाटे मासे तोंड वर काढून हपापताना दिसले की तलावाची खरी तब्येत कळते. पावसाळ्यात तलाव भरून मिठी नदीकडे वाहू लागला की पाणी पातळ होतं आणि आकडे सुधारल्यासारखे वाटतात, म्हणून एका मोजणीवरून कधीही निष्कर्ष काढू नका.

आता किती वर्षं? अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या लेक वॉशिंग्टन या तलावात जाणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने वळवलं. १९६४ च्या सुमारास तिथे ताटली पाऊण मीटरवर दिसेनाशी होत होती, पण काही वर्षांतच पाणी बरंच निवळलं. १९७६ मध्ये ते आणखी स्वच्छ झालं, कारण शेवाळ खाणारा डॅफ्निया हा सूक्ष्म जीव वाढला. तलावांचे अभ्यासक एडमंडसन आणि सहकारी तोवर सलग मोजत राहिले होते, म्हणून हे कळलं. पण तो तलाव खोल आहे. स्वीडनमधला ट्रुमेन तलाव उथळ. तिथे सांडपाणी १९५० च्या दशकाअखेर बंद झालं, तरी दहा वर्षं तो सुधारला नाही. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस, ऑक्सिजन संपला की लोहापासून सुटून वर येत राहायचा. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये सुमारे मीटरभर गाळ उपसला, तेव्हा कुठे फरक पडला.

पवईचा बांध १८९१ चा, पिण्याच्या पाण्यासाठी घातलेला. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गाळ साचतोय आणि तलाव उथळ होत गेलाय, त्यामुळे मला तो ट्रुमेनच्या वळणाचा वाटतो. सगळे नाले खरोखर बंद झाले तरी माझ्या मते दहा वर्षं धरून चाला, आणि गाळ काढायचं ठरलं तर आधी नाले, मग गाळ. उलट केलं तर नवा गाळ लगेच साचायला लागेल.

दोन-तीन वर्षांत काही दिसलं नाही म्हणून मोजणी थांबवू नका. नाले बंद झाल्यानंतर फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांची पहाटेची ऑक्सिजनची मोजणी आधीच्या वर्षांशी ताडून पाहा. पावसाची मदत नसताना तोच आकडा वर सरकला, तर तलाव वळला असं मी मानेन.