आवाज टाकला, पण प्रोग्रॅमला दिसत नाही: विंडोजवर मराठी वाचून घेताना

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ११ चा लॅपटॉप, सेटिंग्जमधून हिंदी आवाज उतरवून घेतला, नॅरेटरमध्ये (विंडोजचा स्वतःचा वाचक) तो नीट बोलतो, पण बालाबोल्का या मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत येत नाही. आणि मुळात हवाय मराठी आवाज, तो सेटिंग्जमध्ये कुठेच सापडत नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी दिसत नाही त्याचं बघू.

विंडोजमध्ये आवाज ठेवायची दोन वेगळी कपाटं आहेत. जुनं सॅपी ५ आणि नवं वनकोअर. सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > स्पीच > ॲड व्हॉइसेस इथून जे उतरतं ते वनकोअरमध्ये जातं. नॅरेटर तिथेच बघतो. बालाबोल्का आणि तसले बहुतेक जुने वाचक प्रोग्रॅम मात्र वनकोअर न बघता सॅपी ५ चं कपाट उघडतात. म्हणजे तुमचा हिंदी आवाज, हेमंत किंवा कल्पना, मशीनवर आहे, फक्त चुकीच्या कपाटात. पुन्हापुन्हा अनइन्स्टॉल-इन्स्टॉल करून काही हाती लागणार नाही.

त्यात आणखी एक मेख. सॅपी ५ च्या कपाटाचेही दोन कप्पे आहेत, ६४-बिट आणि ३२-बिट. प्रोग्रॅम ३२-बिटचा असेल (बालाबोल्का तसाच आहे) तर त्याला ३२-बिटच्याच कप्प्यातले आवाज दिसतात. खात्री करायची तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात सिस्टिम३२ > स्पीच > स्पीचयूएक्स इथली सॅपी डॉट सीपीएल ही फाइल उघडा. ही ६४-बिटची यादी. सिसवाव६४ मध्ये त्याच वाटेने गेलात की त्याच नावाची दुसरी फाइल मिळेल, ती ३२-बिटची. हो, नावं उलटी वाटतात. ६४ लिहिलेल्या फोल्डरात ३२-बिटचा माल असतो. दोन्ही उघडून ड्रॉपडाउन बघा, आवाज कुठे अडकलाय ते तिथेच कळेल.

वनकोअरचा आवाज सॅपीत आणायचा जुना तोडगा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही) आहे. रेजएडिट उघडा, आधी बॅकअप घ्या. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर > मायक्रोसॉफ्ट > स्पीच_वनकोअर > व्हॉइसेस > टोकन्स इथे जा, हव्या त्या आवाजाच्या की वर (म्हणजे नोंदीवर) राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की चौकटी कंसातल्या दोन ओळी दिसतील: एक टोकनची, दुसरी ॲट्रिब्यूट्सची. फक्त या दोन ओळींत स्पीच_वनकोअरच्या जागी नुसतं स्पीच करा. इथेच बहुतेकांचा घोळ होतो: रिप्लेस ऑल मारतात. तसं केलं तर आवाजाच्या फाइली जिथे आहेत तो पत्ताही बदलू शकतो; मग नाव यादीत दिसतं पण तोंडातून शब्द फुटत नाही. बदललेली फाइल सेव्ह करून डबल क्लिक करा. मग तिची एक प्रत काढून त्याच दोन ओळींत सॉफ्टवेअरनंतर वाव६४३२नोड घाला आणि तीही चालवा, म्हणजे ३२-बिटचा कप्पा भरेल. वाचक प्रोग्रॅम बंद करून परत सुरू करा. दोन्ही फाइली जपून ठेवा. विंडोज नव्याने टाकलं की हेच पुन्हा करावं लागतं.

ऑफिसच्या मशीनवर सेटिंग्जमधून आवाज उतरतच नसेल आणि शेवटी ०९५४ असलेला एरर कोड येत असेल, तर अपडेट्स कंपनीच्या सर्व्हरवरून येतात आणि तिथे हा जास्तीचा तुकडा नाही, असं समजा. ग्रुप पॉलिसीत ऑप्शनल कंपोनंट्स थेट विंडोज अपडेटवरून घेण्याची सोय असते, पण ती आयटीवाल्यांनीच चालू करायची.

आता मराठीचं. मराठी भाषा सेटिंग्जमध्ये जोडली तरी फक्त फाँट, कीबोर्ड मिळतात. बोलणारा आवाज त्यात नाही. म्हणून लोक हिंदी आवाजावर भागवतात. लिपी तीच असल्याने तो वाचतो खरा, पण ऐकवत नाही. ज्ञानेश्वर म्हणायच्या जागी ग्यानेश्वर म्हणतो, १२५ आलं की एक सौ पच्चीस. चमचा आणि चहा यांतला च वेगळा, जग आणि जीव यांतला ज वेगळा, हे त्याच्या गावीही नाही. बातमी समजून घ्यायला चालेल, कविता किंवा पोराचा अभ्यास वाचून घ्यायला नको.

खरे मराठी पर्याय दोन. पहिला ईस्पीक एनजी, म्हणजे मजकुराचा आवाज करणारा सिंथेसायझर. फुकट, ऑफलाइन आणि आकाराने चिमुकला. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) तो आधीपासूनच असतो, वेगळं काही टाकायला नको. एनव्हीडीए (ही की म्हणजे सहसा इन्सर्ट) + कंट्रोल + एस दाबून सिंथेसायझरमध्ये ईस्पीक निवडा, मग एनव्हीडीए + कंट्रोल + व्ही दाबून व्हॉइसमध्ये मराठी. आवाज यंत्रासारखा आहे, पहिले दोन दिवस कानाला टोचतो. पण की दाबताक्षणी बोलतो आणि वेग दुप्पट-तिप्पट केला तरी शब्द सुटे राहतात. दिवसभर स्क्रीन रीडरवर काम करणारे गोड आवाज सोडून याच्याकडे वळतात ते यासाठीच.

दुसरा पर्याय मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन आवाज, आरोही आणि मनोहर. माणसासारखे बोलतात. एज ब्राउझरमध्ये मराठी पान उघडून कंट्रोल + शिफ्ट + यू दाबा, वरच्या पट्टीत व्हॉइस ऑप्शन्समधून निवडा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. हेच आवाज बालाबोल्कात हवे असतील तर गिटहबवर नॅचरल व्हॉइस सॅपी ॲडॉप्टर नावाचं मोफत साधन आहे. झिप उघडून फाइली कायमच्या फोल्डरात ठेवा, डाउनलोड्समध्ये नको, कारण नंतर फोल्डर हलवला किंवा उडवला की आवाज मुके होतात. इन्स्टॉलर चालवून ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही बसवा, एजचे ऑनलाइन आवाज चालू करा.

याच्या दोन मर्यादा. इंटरनेट गेलं की आवाज गेला, आणि तुमचा मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. बँकेचं स्टेटमेंट, वैद्यकीय रिपोर्ट असलं काही यावर वाचून घेऊ नका. शिवाय ही सोय एजसाठी आहे, बाकी प्रोग्रॅमसाठी अधिकृत नाही. उद्या बंद पडली तर कुणाकडे दाद मागता येणार नाही. प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबतो, म्हणून स्क्रीन रीडरला हा जोडू नका. पुस्तकं ऐकायला उत्तम.

घरात मॅक असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. मॅकच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून पुढे अनन्या नावाचा मराठी आवाज ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिम व्हॉइसच्या यादीतून उतरवता येतो आणि तो ऑफलाइन चालतो.

आवाज योग्य निवडूनही वाचक अगम्य इंग्रजी अक्षरं बडबडत असेल तर दोष आवाजाचा नाही, फाइलचा आहे. श्री-लिपी, शिवाजी, डीव्ही-टीटी सुरेख असल्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर डोळ्याला मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. फाँट बदलून एरियल लावा, खरं रूप दिसेल. असा मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाण अक्षरपद्धतीत) न्या. जुन्या सरकारी पीडीएफमध्ये हे सर्रास आढळतं. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करण्यावाचून गत्यंतर नाही.

शेवटचं, उच्चाराच्या डिक्शनरीबद्दल. एनव्हीडीएमध्ये प्रेफरन्सेस > स्पीच डिक्शनरीज > डिफॉल्ट इथे कि.मी. म्हणजे किलोमीटर, डॉ. म्हणजे डॉक्टर अशा नोंदी घाला, ऐकणं खूप सुसह्य होतं. मा. म्हणजे माननीय ही नोंद मात्र कुठेही जुळेल अशी घालू नका. वाक्य 'सीमा.' असं संपलं की तो ठणठणीत आवाजात 'सीमाननीय' म्हणेल.