एकाच बंदराच्या तळाशी दोन ठिकाणी इतके वेगळे प्राणी कसे?

काहीशे मीटरवरच्या तळाच्या दोन नमुन्यांपैकी एकात शिंपले आणि दुसऱ्यात नुसते कृमी कसे, असं तुम्ही विचारलंय. असे नमुने चाळणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितो.

आधी पाण्याचा जोर बघा. बंदराच्या तोंडाशी लाटा आणि प्रवाह बारीक कण टिकू देत नाहीत, त्यामुळे खाली वाळू उरते. ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, आड पाणी संथ असतं. तिथे ०.०६३ मिलिमीटरहून बारीक गाळ बसतो आणि सोबत कुजणारा सेंद्रिय कचराही. वाळूच्या फटींतून पाणी खेळतं, प्राणवायू आत पोचतो, वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून खाणारे शिंपले तिथे नांदतात. चिखलाचा नमुना मात्र ट्रेमध्ये उघडून बघा: वर तपकिरी साय, तिच्याखाली लगेच काळा थर आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे तिथे प्राणवायू पोचत नाही. हा गाळच गिळून त्यातलं अन्न पचवणारे कृमी इथे जास्त.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. हे गाळखाऊ प्राणी तळ सतत उकरून इतका सैल करतात, की जराशा प्रवाहानेही तो उसळतो. त्या गढूळपणात शिंपल्यांचे कल्ले तुंबतात, कोवळी पिल्लं गाडली जातात. म्हणजे शिंपल्यांना तिथे थारा न मिळण्यात या शेजाऱ्यांचाही हात असतो. उलट, नळ्या बांधून दाटीने राहणारे काही कृमी तळ घट्ट धरून ठेवतात. म्हणून ‘चिखल आहे म्हणून हे प्राणी’ एवढंच लिहून थांबू नका. कणांचा आकार, प्रवाह, अन्न आणि प्राणवायू एकमेकांत गुंतलेले असतात.

चिखल म्हणजे घाण, असंही समजू नका. निरोगी चिखलात कितीतरी जाती असतात. पण कॅपिटेला नावाचा लालसर, दोऱ्यासारखा कृमी ढिगाने आणि बाकी जवळपास काहीच नाही, असं दिसलं तर सेंद्रिय भार, म्हणजे तळाशी साचणारा कुजका कचरा, फार वाढलाय असा संशय घ्यावा. हा भार वाढत जातो तसे तळाचे प्राणी कसे बदलत जातात, तो क्रम पिअरसन आणि रोझेनबर्ग या सागरी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नीट मांडला. त्यामुळे नुसती संख्या मोजू नका, जाती मोजा.

दोन्ही नमुने एकाच मापाच्या चाळणीतून काढलेत ना, हेही तपासा. १ मिलिमीटरच्या चाळणीतून निसटणारे बरेच कृमी ०.५ च्या चाळणीत अडकतात. आणि तिथला गाळ शेवटचा कधी उपसला होता, ते बंदराच्या कार्यालयात विचाराच. नुकत्याच उपसलेल्या तळावर आधी लहान, झपाट्याने वाढणारे प्राणीच येतात, मग तिथे वाळू असो वा चिखल.