बाकावरचा कीपर आणि इतर प्रश्न

मुलगा चौदा वर्षांचा, उंची पाच फूट चार इंच. निवड चाचणीत खेळ न बघताच बाजूला काढला. फुटबॉलमधलं गोलकीपिंग सोडायला लावू का? (एक पालक, वेंगुर्ले)

उंचीला किंमत आहे, ते आधी मान्य करू. गोलचा वरचा दांडा जमिनीपासून 2.44 मीटरवर, दोन खांबांत 7.32 मीटर अंतर. आपला भारताचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू साडेसहा फुटांचा आहे. मेक्सिकोचा कीपर होर्खे कांपोस जेमतेम साडेपाच फुटांचा असून विश्वचषकात खेळला, पण त्याचं नाव घेऊन तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मोठे क्लब आज बुटका कीपर सहसा घेत नाहीत.

तरी चौदाव्या वर्षी निकाल कसला लावता? कित्येक मुलं दहावीनंतर सरसर वाढतात. आणि खेळ न बघता उंचीच बघायची, तर चाचणीला माणूस कशाला, मापाची पट्टी पाठवली असती तरी चाललं असतं. सतराव्या वर्षापर्यंत थांबा. तोवर त्याला आठवड्यातले काही दिवस मिडफिल्डला खेळू द्या. 1992 पासून आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे पाय कच्चे असलेला कीपर वरच्या पातळीवर टिकत नाही. उंची नाहीच वाढली, तर हेच पाय त्याला दुसऱ्या जागेवर उपयोगी पडतील.

आमचं मैदान म्हणजे सडा, नुसता कातळ. डाइव्ह मारली की कोपर सोलवटतं. पुळणीवर सराव केला तर चालेल का? (एकोणीस वर्षांचा कीपर, रत्नागिरी)

डाइव्हसाठी चालेल, पायांच्या हालचालींसाठी नाही. कोरड्या वाळूत पडायची भीती जाते, पण पाय रुततो आणि उडीचा जोर वाळूच खाते. तीच सवय लागली तर टणक मैदानावर वेळ चुकतो, शिवाय पोटऱ्यांवर ताण येतो. म्हणून वाळूत फक्त पडायला शीक: आधी मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा. कोपरावर किंवा पोटावर कधीच नाही. सड्यावर झेल, क्रॉस (बाजूने गोलसमोर येणारे उंच बॉल) आणि पायांचं काम कर. भात कापून झालं की मळ्यात दोन्ही एकत्र करता येईल.

वाळूत जुनेच ग्लोव्ह्ज वापर, नव्यांचं लेटेक्स वाळूने घासून जातं. खेळून आल्यावर कोमट पाण्यात धू आणि सावलीत वाळव, उन्हात ते तडकतं. पावसाळ्यात ओले ग्लोव्ह्ज बॅगेत कोंबून ठेवलेस, तर बुरशी आलीच म्हणून समज.

वय बावीस. गोव्यातल्या एका क्लबात दुसरा कीपर आहे. अख्खा हंगाम बाकावर गेला. म्हापशात खोलीचं भाडं भरतोय, घरचे परत बोलावतायत. थांबू की सोडू? (सावंतवाडी)

या पेशाचं खरं दुखणं तू विचारलंस. स्ट्रायकर बाकावर असला तरी शेवटची वीस मिनिटं त्याला मिळतात. कीपर बदलतो तो पहिला जखमी झाला तर, नाहीतर त्याला लाल कार्ड मिळालं तर. दुसऱ्या कीपरचा हंगाम शून्य मिनिटांचा असू शकतो, आणि त्यात त्याच्या खेळाचा काहीच दोष नसतो.

गुरप्रीत 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, तिथल्या लीगमध्ये पहिला सामना खेळला 2016 मध्ये. पण त्या काळात त्याला चषक स्पर्धेतले सामने मिळाले आणि सराव भारतापेक्षा वरच्या दर्जाचा होता. 2016 मध्येच युरोपा लीगमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. म्हणजे वाट बघायलाही भांडवल लागतं. तुझ्याकडे ते आहे का, हे बघ. पहिल्या कीपरचं वय आणि करार किती उरलाय? गोलकीपिंगचा स्वतंत्र कोच रोज तुझ्याकडून काम करून घेतो का? राखीव संघाचे सामने तरी मिळतात का? या तिन्हींची उत्तरं वाईट असतील, तर खालच्या डिव्हिजनच्या क्लबात लोनवर, म्हणजे करार इथलाच ठेवून तात्पुरतं, पाठवा म्हणून स्पष्ट माग. बावीसाव्या वर्षी मोठ्या क्लबच्या जर्सीपेक्षा नव्वद मिनिटं मोलाची. क्रॉसला बाहेर यायचं की लाइनवर थांबायचं, हा अंदाज सरावात येत नाही, सामन्यातच येतो.

घरच्यांनाही सरसकट चुकीचं ठरवू नकोस. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगामच स्थगित झाला होता. देशातल्या अव्वल लीगची ही गत, तर खालच्यांचं काय बोलावं? पदवी पूर्ण कर, स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेव. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरतात, ते जिल्हा क्रीडा कार्यालयात आताच विचार.

वय एकतीस. आता संपलं का? (मालवण)

छे! इटलीचा कीपर डिनो झोफ चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला, 1982 मध्ये. इजिप्तचा एसाम अल हदारी 2018 च्या विश्वचषकात पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्याने पेनल्टीही अडवली. कीपरला धावावं कमी लागतं, आणि खेळ आधीच ओळखायची नजर वयाबरोबर पक्की होते. आधी कुरकुरतात ते खांदे आणि बोटं, म्हणून बोट मुरगळलं असताना पट्टी बांधून खेळायची फुशारकी आता बंद करा. सोबत कोचिंगच्या डी लायसन्सपासून सुरुवात करा. फुटबॉलचे कोच आपल्याकडे थोडेफार सापडतात, पण कीपरला शिकवणारा माणूस सिंधुदुर्गात शोधावा लागतो.

स्पर्धेत कीपरने बॉल धरून ठेवला म्हणून रेफ्रीने समोरच्यांना कॉर्नर दिला. असा नियम आहे? (देवगड)

आहे, 2025-26 च्या हंगामापासून. आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बॉल हातात ठेवला तर कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. आधी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, पण ती क्वचितच कोणी देई. तुमच्या रेफ्रीने नियम वाचलेला दिसतोय, त्याच्याशी वाद घालू नका.